मोठी मोटार, मोठा कर

पावसाळ्यात बोरी नदीला पूर आला, की नळदुर्गच्या किल्ल्यातील नर आणि मादी हे दोन धबधबे वाहू लागतात आणि इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या कारकीर्दीत बांधलेला पाणी महाल पाहावयास सोलापूर, लातूर, कलबुर्गी, हैदराबाद अशा चारी दिशांनी लोक येतात. पूर्वी यांतील बहुतेक लोक एस.टी.ने येत. आजही पुष्कळ येतात. परंतु सुटीच्या दिवशी किल्ल्यासमोरची जागा भरते ती खासगी मोटारींनी, आणि त्यांतही उंच बांध्याच्या, रुंद टायरांच्या मोठ्या गाड्यांनी. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे जुना क्रमांक ९ व आजचा ६५, नळदुर्गवरूनच जातो. त्यामुळे देशातील मोटारींचा आकार कसा वाढत गेला, हे पाहण्यासाठी येथील रहिवाशाला कोणताही अहवाल चाळावा लागत नाही. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक गाड्या आता याच उंच, बहुउपयोगी प्रकारात मोडतात.

अशा गाड्यांवर अधिक कर असावा काय, असावा तर तो कोणत्या मापाने ठरवावा, आणि नळदुर्गसारख्या रेल्वे नसलेल्या गावी मोठी गाडी ही चैन की गरज, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

एक लिटर पेट्रोलचा हिशेब

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोटारीच्या मागून निघणारा काळा धूर आणि हवामान तापविणारा कार्बन डायऑक्साइड वायू या एकच वस्तू नव्हेत. धुरातील कण, नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड यांवर इंजिनाची रचना आणि धूर शुद्ध करणारी उपकरणे यांच्या साहाय्याने नियंत्रण ठेवता येते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेले भारत स्टेज ६ हे मानक त्यासाठीच आहे, आणि ते लहान व मोठ्या अशा दोन्ही गाड्यांना पाळावे लागते. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. जितके इंधन जळेल तितका तो निघणारच. त्याला गाळणी नाही.

शाळेतील विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवडते, असा शिक्षकांचा अनुभव असेल : एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, तथापि ते जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वजन वाढले कसे? पेट्रोलमधील कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू येऊन मिळतात, आणि वजनाचा मोठा वाटा या ऑक्सिजनचाच असतो. डिझेल अधिक घन असल्यामुळे त्याच्या एका लिटरमागे हाच आकडा सुमारे २.७ किलो येतो.

आता समजा, एक लहान मोटार लिटरमागे १८ किलोमीटर जाते आणि एक मोठी मोटार ११. दोन्ही वर्षाकाठी १२,००० किलोमीटर धावल्या, तर लहान गाडीला सुमारे ६६७ लिटर व मोठीला सुमारे १,०९१ लिटर पेट्रोल लागेल. फरक ४२४ लिटरांचा, म्हणजे जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइडचा. आणि हा एका गाडीचा एका वर्षाचा फरक झाला. आपण आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणतो. तेव्हा हा प्रश्न केवळ हवेचा नाही, परकीय चलनाचाही आहे.

गावोगावच्या केंद्रांवर मिळणाऱ्या ‘पी.यू.सी.’ प्रमाणपत्रात यांपैकी काहीच दिसत नाही, हेही सांगावयास हवे. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन, आणि डिझेल गाडीत धुराची घनता, एवढेच तेथे मोजले जाते. लिटरमागे पाच किलोमीटर जाणारी मोटारदेखील ही परीक्षा सुखाने उत्तीर्ण होऊ शकते.

कर कोण घेते आणि कशावर

मोटारीवरील कराचे दोन प्रमुख प्रवाह आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत वाहनांवरील कराचा विषय येतो, आणि त्यानुसार महाराष्ट्रात १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमाखाली कर घेतला जातो. दुसरा प्रवाह गाडीच्या उत्पादनावरील व विक्रीवरील कराचा. तो पूर्वी केंद्रीय उत्पादन शुल्काच्या रूपाने होता आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात आला. पेट्रोल व डिझेल मात्र अद्याप वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहेत. त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा विक्रीवरील कर वेगळा बसतो.

राज्याच्या कायद्यात खासगी मोटारींवरील कर पूर्वी गाडीच्या मोकळ्या वजनाच्या टप्प्यांनी ठरे. पुढे किंमत हे माप आले. आज महाराष्ट्रात नव्या खासगी मोटारीवर नोंदणीच्या वेळी एकरकमी कर घेतात. पेट्रोल गाडीवर तो १० लाख रुपयांपर्यंतच्या किमतीस ११ टक्के, १० ते २० लाखांस १२ टक्के व त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेल गाडीवर याच टप्प्यांना १३, १४ व १५ टक्के. गॅसवर चालणाऱ्या मोटारींचा दर १ जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढून ८, ९ व १० टक्के झाला. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावे घेतलेल्या मोटारींस २० टक्के पडतात.

धाराशिव येथील परिवहन कार्यालयात, म्हणजे ‘एम.एच. २५’ या क्रमांकाखाली, ९ लाखांची लहान पेट्रोल गाडी नोंदवावयाची झाल्यास ९९,००० रुपये कर होईल. २५ लाखांच्या मोठ्या डिझेल गाडीवर तो ३ लाख ७५ हजार होईल. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे खरा. परंतु तो गाडीच्या आकाराचा नाही, किमतीचा आहे. शिवाय या कराला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख रुपये होती, जुलै २०२५ मध्ये ३० लाख करण्यात आली. डिझेलवरील १५ टक्के दराने हिशेब केला, तर दोन कोटी रुपयांची गाडी या मर्यादेस पोचते. त्यापुढे किंमत कितीही वाढली, तरी राज्याचा कर वाढत नाही. एवढ्या किमतीच्या गाड्या नळदुर्गला थांबत नसल्या, तरी तत्त्वाचा प्रश्न राहतोच.

चार मीटरची रेषा

आकाराचे माप आले ते केंद्राच्या करात. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले, आणि ‘लहान’ म्हणजे काय, याची व्याख्या करण्यात आली : लांबी ४ मीटरपेक्षा अधिक नको, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० घनसेंटीमीटर व डिझेलचे असल्यास १,५०० घनसेंटीमीटरपेक्षा मोठे नको. ही व्याख्या आजतागायत टिकून आहे. २०१३ च्या अर्थसंकल्पाने दुसरे टोक पकडले. चार मीटरहून लांब, १,५०० घनसेंटीमीटरहून मोठ्या इंजिनाच्या आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर वा अधिक उंच असलेल्या गाड्यांवर २७ ऐवजी ३० टक्के शुल्क बसले. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या अशा गाड्यांना ही वाढ लागू केली नव्हती. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

वस्तू व सेवा कर आल्यावर सर्व मोटारींवर २८ टक्के कर आणि त्यावर भरपाई उपकर अशी रचना झाली. लहान पेट्रोल गाडीवर उपकर १ टक्का, लहान डिझेलवर ३ टक्के, आणि सप्टेंबर २०१७ नंतर मध्यम गाडीवर १७, मोठ्या गाडीवर २० व उंच बहुउपयोगी गाडीवर २२ टक्के. म्हणजे एकूण भार सर्वांत खाली २९ टक्के आणि सर्वांत वर ५० टक्के. ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६ व्या बैठकीत ही शिडी मोडण्यात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांस १८ टक्के, बाकी सर्वांस ४० टक्के, आणि उपकर रद्द. विजेवर चालणाऱ्या मोटारींवरील ५ टक्के दर तसाच ठेवला.

वर्तमानपत्रांतून मोटारी स्वस्त झाल्याची वार्ता आली आणि ती खरीच होती. पण इंधनाच्या दृष्टीने पाहिले, तर दोन गोष्टी घडल्या. लहान व सर्वांत मोठ्या गाडीतील अंतर पूर्वी २१ टक्क्यांचे होते, ते आता २२ झाले. म्हणजे जवळजवळ तेच राहिले. मधल्या पायऱ्या मात्र नाहीशा झाल्या. चार मीटरहून थोडी लांब, बुटक्या बांध्याची, लिटरमागे १८-२० किलोमीटर जाणारी मोटार आणि दोन टनांची अवजड गाडी या दोहोंवर आज सारखाच ४० टक्के कर आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, सोपेपणासाठी मोजलेली ही किंमत थोडी जास्तच झाली.

या रेषेने मोटारींच्या बांधणीवर केवढा परिणाम केला, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या टाटा कारखान्याने २००८ मध्ये आपल्या ‘इंडिगो’ मोटारीची मागची पेटी आखूड करून ती चार मीटरांच्या आत बसविली. नाशिकला तयार होणारी महिंद्रची ‘बोलेरो’ तर मराठवाड्यात प्रत्येक गावाला परिचित. ती मुळात अडीच लिटर इंजिनाची व चार मीटरांहून थोडी लांब होती. २०१६ मध्ये तिचे दीड लिटर इंजिनाचे, ३,९९५ मिलिमीटर लांबीचे रूप बाजारात आले. रेषेच्या आत पाच मिलिमीटर! इंजिन लहान झाले हे इंधनाच्या दृष्टीने चांगलेच. पण बंपर आखूड केल्याने डिझेल वाचते असे कोणी म्हणणार नाही. कर ज्या मापावर बसतो ते माप बदलले जाते. कराचा जो हेतू असतो तो साधेलच, असे नाही.

दिल्लीचा अनुभव असाच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राजधानी परिसरात २,००० घनसेंटीमीटर व त्यापुढील डिझेल मोटारींच्या नोंदणीस बंदी केली. महिन्याभरातच १.९९ लिटरचे इंजिन तयार झाले. ऑगस्ट २०१६ मध्ये बंदी उठली आणि तिच्या जागी किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्क आले.

इतरांनी काय केले

ब्रिटनने १९२१ मध्ये अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर बसविला होता. ही अश्वशक्ती इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावरून काढीत, दट्ट्याच्या धावेचा विचार नसे. परिणामी तेथील कारखानदारांनी अरुंद व उंच सिलिंडरांची इंजिने बनविली, आणि हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर कर बदलेपर्यंत चालला. अमेरिकेने तेलटंचाईनंतर १९७८ च्या कायद्याने इंधन उधळणाऱ्या मोटारींवर कर आणला. १९८० च्या गाड्यांपासून तो सुरू झाला. आजही तो गॅलनला साडेबावीस मैलांपेक्षा, म्हणजे लिटरला सुमारे साडेनऊ किलोमीटरपेक्षा कमी जाणाऱ्या मोटारींना लागतो. परंतु हलके ट्रक आणि त्याच सांगाड्यावरील गाड्या त्यातून वगळल्या होत्या, कारण त्या शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या उपयोगाच्या मानल्या जात. पुढील काळात शहरी ग्राहक नेमका याच वगळलेल्या गाड्यांकडे वळला.

फ्रान्सची पद्धत अधिक विचारपूर्वक आखलेली दिसते. तेथे २००८ पासून किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, यावर नव्या गाडीचा दंडकर ठरतो. २०२२ पासून त्यात वजनाची भर पडली : प्रथम १,८०० किलोंपुढील आणि २०२४ मध्ये १,६०० किलोंपुढील प्रत्येक किलोमागे कर. मात्र तीन वा अधिक मुले असलेल्या कुटुंबास मुलामागे काही किलोंची सूट मिळते. मोठी गाडी कोण आणि कशासाठी घेतो, याची दखल कायद्याने घेतली आहे.

नळदुर्गची मोठी गाडी

ही दखल आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. नळदुर्गहून सोलापूर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. अत्यवस्थ रुग्ण, बाळंतीण, महाविद्यालयाची परीक्षा, बाजार, या सर्वांसाठी सोलापूर हेच जवळचे मोठे शहर. तुळजापूरची नवरात्रयात्रा, अणदूर व मैलारपूरचा खंडोबा, अक्कलकोटची वारी यांना एकटा-दुकटा माणूस जात नाही. घरची आठ-नऊ माणसे निघतात. अशा घराने मोठी गाडी घेतली, तर तिला चैन म्हणणे अन्यायाचे होईल.

हिशेब मांडून पाहू. सोलापूरपर्यंतचे अंतर ४५ किलोमीटर धरले आणि नऊ माणसांना घेऊन जाणारी जीप लिटरमागे १४ किलोमीटर जाते असे मानले, तर तिला ३.२ लिटर डिझेल लागेल; माणशी सुमारे एक तृतीयांश लिटरच्या थोडे वर. लहान मोटारीत एकटा मनुष्य त्याच रस्त्याने लिटरला १८ किलोमीटरने गेला, तर त्याला एकट्याला अडीच लिटर लागतील. म्हणजे लहान गाडीतील एकट्याचा खर्च मोठ्या जीपमधील प्रवाशाच्या सातपट! आणि पंचेचाळीस प्रवासी घेऊन लिटरला साडेचार किलोमीटर जाणाऱ्या एस.टी.त माणशी पाव लिटरही पडत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली ही सेवा इंधन बचतीच्या कोणत्याही योजनेत आजही पहिल्या क्रमांकावर राहील. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागल्यावर गाड्यांना झालेली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

मग मोठ्या गाडीवर जास्त कर नकोच काय? असा निष्कर्ष या हिशेबातून निघत नाही. निघतो तो एवढाच, की सवलत द्यावयाची तर ती गाडीच्या बांध्याला न देता तिच्या उपयोगाला द्यावी. २०१३ मध्ये टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाड्यांना दिलेली सूट या दृष्टीने योग्य होती. अमेरिकेने गाडीच्या प्रकाराला सूट दिली, आणि ती शेतकऱ्याऐवजी शहरातल्या एकट्या चालकाच्या पदरी पडली. परवानाधारक प्रवासी वाहनांस आपल्याकडे कराची तालिका वेगळी आहेच. प्रश्न उरतो मोठ्या कुटुंबाचा, आणि तेथे फ्रान्ससारखी मर्यादित सूट विचारात घेण्याजोगी वाटते. जरी आपल्याकडे शिधापत्रिकेवरील माणसे मोजून मोटारीचा कर ठरविणे परिवहन कार्यालयास सोपे जाणार नाही.

माप कोणते घ्यावे, याबाबत शंका राहू नये. प्रत्येक नव्या प्रकारच्या गाडीचा इंधनखर्च प्रमाणित करून घ्यावाच लागतो, आणि कारखानदाराच्या सर्व गाड्यांची सरासरी केंद्राच्या मर्यादेत असावी लागते. ही मर्यादा २०१७-१८ पासून किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास होती, २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅमवर आली. तिच्यातही एक ढिलाई आहे : कारखान्याच्या गाड्यांचे सरासरी वजन अधिक असेल, तर मर्यादाही थोडी सैल होते. पण मुद्दा हा, की प्रति किलोमीटर ग्रॅमचा आकडा शासनाकडे तयार आहे. लांबी मोजणाऱ्या टेपऐवजी हा आकडा कराला जोडता येईल.

एकरकमी कराची आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. तो गाडी घेताना एकदाच भरावयाचा. नंतर ती वर्षाला पाच हजार किलोमीटर धावो वा पन्नास हजार. धावण्यावर बसतो तो इंधनावरील कर. डिझेल दीर्घकाळ स्वस्त ठेवल्यामुळे मोठ्या डिझेल गाड्या वाढल्या. २०१० मध्ये किरीट पारीख समितीने डिझेल मोटारींवर ८०,००० रुपये जादा शुल्क सुचविले, ते याच कारणाने. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोपविले गेल्यावर ही ओढ ओसरली. नव्या गाडीवरील कर फार वाढविला, तर लोक जुनीच गाडी अधिक वर्षे वापरतात, हाही धोका आहे. महाराष्ट्राने २०१० मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या खासगी आणि आठ वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनांवर पर्यावरण कर लावला, तो या दृष्टीने त्याच धोरणाचा दुसरा भाग म्हणावयास हरकत नाही.

विजेच्या मोटारींचा प्रश्न नाजूक आहे. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांपुढील विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचविला होता, तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. अशी गाडी चालताना धूर सोडत नाही; तथापि मोठ्या बॅटरीमुळे तिचे वजन फार असते, आणि टायर व रस्ता यांची झीज वजनाबरोबर वाढते.

पंचायतीच्या हाती काय

मोटारीवर कर बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने सायकलींवर आणि जनावरांनी ओढावयाच्या गाड्यांवर कर बसविण्याची मुभा दिली, मोटारीवर नाही. आज वाचताना हे विचित्र वाटते. बैलगाडीवाल्याकडून कर मागता येई, महामार्गावरून येऊन गावात थांबणाऱ्या मोटारीकडून नाही.

वाहनतळाचे शुल्क ही गोष्ट मात्र निराळी. ते जागेचे भाडे होय. पॅरिस शहरात फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरिकांचे मत घेऊन, बाहेरून येणाऱ्या १.६ टनांपुढील मोटारींना आणि २ टनांपुढील विजेच्या मोटारींना रस्त्यावर थांबण्याचे शुल्क तिप्पट करण्यात आले. तो दर १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. धबधबे वाहू लागल्यावर किल्ल्यासमोर, किंवा नवरात्रात तुळजापूरच्या वेशीवर, जागा मर्यादित आणि गाड्या अमर्याद असतात. तेथे एस.टी. व शालेय सहलींच्या बसगाड्यांना जवळची जागा, भरून आलेल्या प्रवासी जीपना मध्यम दर आणि खासगी मोठ्या मोटारींना अधिक दर व दूरची जागा, असा क्रम लावण्यास वाहनतळ चालविणाऱ्या स्थानिक संस्थेला नवा कायदा लागणार नाही. ठराव आणि पावतीपुस्तक पुरेल.